बाल्कनीतून नाटक बघताना दुर्बिणीतलं चित्र पुसट होतं, डोकं धरतं: काय तपासायचं?

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. तिकिटं उशिरा काढली, बाल्कनी मिळाली, म्हणून घरातली छोटी दुर्बीण सोबत घेतली. पहिली पाच-दहा मिनिटं फार मजा आली, कारण नटाचा चेहरा एकदम जवळ आला. मग तो संवाद म्हणत म्हणत मागच्या दाराकडे गेला आणि पुसट झाला. चाक फिरवून पुन्हा स्पष्ट करेपर्यंत तो पुढे आला होता. मध्यांतरापर्यंत भुवयांच्या वर ठणकायला लागलं आणि दुर्बीण पर्समध्ये गेली. पुढच्या नाटकाला पुन्हा तेच.

लोक यातून दोनपैकी एक अर्थ काढतात. दुर्बीण भिकार आहे, नाहीतर आपल्या डोळ्यांना हे मानवत नाही. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. दुर्बीण नाटकाच्या गरजेपेक्षा जास्त पटीची असते आणि ती तिसऱ्या घंटेनंतर, अंधारात, घाईघाईने डोळ्यांना लावलेली असते. या दोन गोष्टी सुधारल्या तर निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपतो. उरलेली कारणंही आहेत, त्यांच्याकडे ओळीने येऊ.

आधी आपल्या हातात काय आहे ते बघा

नाटकासाठी म्हणून मिळणारी जुन्या घडणीची दुर्बीण, जिला ऑपेरा ग्लास म्हणतात, ती आतून अगदी साधी असते. समोर फुगीर भिंग, डोळ्याकडे खोलगट भिंग, बस. चित्र आपसूक सुलटं दिसतं, त्यामुळे आत लोलक (प्रिझम) लागत नाहीत. गॅलिलिओच्या दुर्बिणीचीच ही रचना. ती साधारण अडीच ते चार पटीपर्यंत चांगली चालते. त्यापुढे दिसण्याचा घेर फारच लहान होत जातो. दुसरी जात लोलकवाल्या दुर्बिणींची. पक्षी बघायला, क्रिकेटला, सहलीला घेतलेली घरातली दुर्बीण बहुधा हीच असते आणि तिच्यावर ८×२१, १०×२५ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये.

बाजारात ३०×६०, ७०×७० असे आकडे छापलेल्या स्वस्त दुर्बिणीही पुष्कळ मिळतात. त्या आकड्यांवर भरवसा ठेवू नका. लोलकवाली दुर्बीण असेल तर घरच्या घरी तपासता येतं. ती हातभर लांब धरून उजेड असलेल्या भिंतीकडे रोखा. डोळ्याकडच्या भिंगात एक छोटा उजळ गोल ठिपका तरंगताना दिसेल. पट्टीने त्याची रुंदी मोजा, समोरच्या भिंगाची रुंदी मोजा आणि दुसरीला पहिलीने भागा. समोरचं भिंग २१ मिमी आणि ठिपका साडेतीन मिमी भरला, तर दुर्बीण ६ पटीची आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो. हा ठिपका लक्षात ठेवा, अंधाऱ्या प्रवेशांबद्दल बोलताना तो पुन्हा लागणार आहे.

मूळ दुखणं: पट जास्त झाली

बाल्कनीतली शेवटची रांग रंगमंचापासून ढोबळमानाने २५ मीटरवर धरा. ३ पटीच्या दुर्बिणीतून नट सुमारे ८ मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. ४ पटीतून ६ मीटरवर. म्हणजे आपण पहिल्या चार-सहा रांगांत जाऊन बसलो. तिथून नटाचे डोळे दिसतात, ओठांची थरथर दिसते, कपाळावरचा घाम दिसतो. नाटकाला यापेक्षा जास्त लागत नाही. ८ पटीची दुर्बीण आपल्याला जेमतेम ३ मीटरवर नेऊन ठेवते. तिथून नाटक दिसत नाही, रंगभूषेची कड दिसते.

पण जास्त पटीचा खरा तोटा वेगळाच आहे, आणि तो कुणी सांगत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितो. पट वाढली की फोकस हलण्याचा त्रास पटीच्या वर्गाने वाढतो. ३ पटीला तो ९ पट होतो, ८ पटीला ६४ पट. आकडे घालून बघू. समजा, रंगमंचाची पुढची कड तुमच्यापासून २० मीटरवर आहे आणि सेटची मागची भिंत २८ मीटरवर. नुसत्या डोळ्यांना या दोन अंतरांत काही फरक जाणवत नाही. ३ पटीच्या दुर्बिणीतून तो फरक चष्म्याच्या नंबराच्या भाषेत ०.१३ च्या आसपास होतो, म्हणजे पाव नंबरापेक्षाही कमी, त्यामुळे नट पुढून मागे गेला तरी स्पष्टच दिसतो. ८ पटीतून तोच फरक ०.९ होतो. कुणीतरी अचानक तुमचा एक नंबरचा चष्मा काढून घ्यावा तितका. म्हणून नट मागच्या दाराकडे वळला की पुसट होतो, आणि म्हणूनच तुम्ही नाटकभर चाक फिरवत बसता.

तरुण डोळा यातला बराच फरक आतल्या आत भरून काढतो. डोळ्यातलं भिंग फुगवून तो जवळचं बघू शकतो. चाळिशी लागली की ती ताकद झपाट्याने कमी होते. नाट्यगृहात बसलेल्या आपल्यापैकी किती जणांना चाळिशी लागलेली असते हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे मुलीला जी दुर्बीण "मस्त दिसतंय की!" वाटते, तीच आईला सारखी पुसट वाटते. यात दोघींचंही खरं असतं.

तेव्हा पहिला उपाय हाच: बंदिस्त नाट्यगृहासाठी ३ किंवा ४ पटीची दुर्बीण वापरा. मधल्या रांगांना ३ पुरते, बाल्कनीला ४. फार तर ६. पट कमी-जास्त करणाऱ्या झूम दुर्बिणी घेऊ नका, त्यांचा दिसण्याचा घेर नेमका कमी पटीला सगळ्यात अरुंद भासतो आणि दोन्ही नळ्या एकसारख्या राहतील याची खात्री नसते. 'फोकस करावाच लागत नाही' अशी जाहिरात असलेलीही नको. तिच्यात चाकच नसतं, जुळवून घेण्याचं सगळं काम तुमच्या डोळ्यावर टाकलेलं असतं. चाळिशीनंतर ते काम डोळा करत नाही.

मैदानावरची महानाट्यं मात्र वेगळी. तिथे हत्ती-घोडे येतात, किल्ल्याचा अनेक मजली सेट उभा असतो आणि तुमची खुर्ची शंभर मीटरवर असू शकते. तिथे ७-८ पट हवीच. अंतर जास्त असल्यामुळे पुढे-मागे होण्याचा फोकसवर परिणामही कमी होतो.

तिसऱ्या घंटेच्या आत दुर्बीण कशी लावायची

दुर्बीण जुळवण्याची वेळ म्हणजे प्रेक्षागृहातले दिवे चालू असतानाची. पहिली घंटा झाल्यावर जागेवर या. दर्शनी पडद्याची झालर, त्यावरचं नक्षीकाम किंवा पडद्याच्या जोडाची उभी रेघ, जे काही बारीक दिसत असेल ते लक्ष्य धरा.

आधी दोन नळ्यांमधलं अंतर. दुर्बीण डोळ्यांना लावून दोन्ही नळ्या हळूहळू जवळ-लांब करा. दोन वर्तुळं मिसळून एकच गोल दिसायला लागला की थांबा. सिनेमात दाखवतात तसे एकमेकांत घुसलेले दोन गोल दिसत असतील तर अंतर चुकलेलं आहे. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं, पण ५५ वालेही असतात आणि ७० वालेही. स्वस्त ऑपेरा ग्लासमध्ये बिजागरीच नसते, अंतर कायमचं ठरलेलं असतं. विकत घेताना लावून बघणं एवढ्यासाठी गरजेचं. लहान मुलांच्या बाबतीत तर ही अडचण नेहमीचीच आहे. "मला नाही दिसत" असं मूल म्हणालं तर त्याच्यावर वैतागू नका, त्याच्या डोळ्यांइतक्या नळ्या जवळ येतच नसतील. त्याला एका डोळ्याने एकाच नळीतून बघू द्या.

मग डावा डोळा. उजवा डोळा मिटू नका, मिटला की दोन्ही डोळे आखडतात. त्याऐवजी उजव्या नळीच्या समोरच्या भिंगावर तळहात धरा. आता पुढे जे सांगतो ते नीट वाचा, डोकं धरणं थांबतं ते इथे.

फोकस नेहमी जवळच्या बाजूकडून लांबच्या बाजूकडे आणायचा. म्हणजे आधी चार-पाच रांगा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर फोकस करा. मग दुर्बीण पडद्याकडे वळवा, पडदा पुसट दिसेल. आता मधलं चाक अगदी हळू फिरवत या आणि झालर ज्या क्षणी पहिल्यांदा स्पष्ट होईल तिथे थांबा. "अजून थोडं फिरवून बघू" हा मोह टाळा. पहिल्यांदा स्पष्ट होतं तेव्हा डोळ्याचे स्नायू सैल असतात. चाक त्याच्यापुढे नेलं तरी काही वेळ चित्र स्पष्टच राहतं, पण आता ते डोळा स्वतः जोर लावून स्पष्ट ठेवत असतो. हे कळून येत नाही, कारण चित्रात फरक दिसत नाही. दोन-अडीच तास तो जोर चालू राहिला की भुवया ठणकतात. उलट्या बाजूने फोकस आणला तर हा धोका जास्त.

नंतर उजवा डोळा. डाव्या नळीवर तळहात धरा आणि उजव्या नळीवरची स्वतंत्र कडी फिरवा, मधल्या चाकाला हात लावू नका. इथेही पहिल्यांदा स्पष्ट होईल तिथेच थांबायचं. ही कडी एकदा जमली की तुमच्यापुरती कायमची जमली. तिथे पांढऱ्या नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावून ठेवा. घरात दुसरं कुणी वापरत असेल तर त्याचा दुसऱ्या रंगाचा. बऱ्याच ऑपेरा ग्लासना ही कडी नसते. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत फरक असेल तर अशा दुर्बिणीला चष्मा लावूनच बघायचं, दुसरा इलाज नाही.

एवढं सगळं करायला सवयीने एक मिनिटही लागत नाही. रंगदेवतेला आणि रसिकांना अभिवादन करणारी घोषणा सुरू व्हायच्या आत दुर्बीण मांडीवर तयार असते. पडदा उघडला की फक्त एकदा खात्री करायची. दिवाणखान्याचा सेट असेल तर मधला सोफा धरा, निम्मं नाटक त्याच्या आसपासच घडतं.

चष्मा लावूनही बघता येतं

चष्मेवाल्यांची तक्रार अशी की चित्र फार चिमुकलं, नळीतून बघितल्यासारखं दिसतं. कारण चष्म्यामुळे डोळा भिंगापासून लांब राहतो. लोलकवाल्या दुर्बिणीला डोळ्याकडे रबरी कप असतात. चष्मा असेल तर ते दुमडून किंवा फिरवून खाली घ्यायचे, नसेल तर वर. हे सांगितल्यावर "अरेच्चा, हे दुमडतात होय?" म्हणणारे मला खूप भेटले आहेत. नवीन घेणार असाल तर डोळा भिंगापासून १५ मिमी किंवा त्याहून जास्त लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल अशी दुर्बीण मागा. हा आकडा माहितीपत्रकात दिलेला असतो. साध्या ऑपेरा ग्लासमध्ये असं ठराविक अंतर नसतं, डोळा जितका जवळ तितका घेर मोठा, एवढंच. म्हणून तिथे समोरची भिंगं मोठी असलेली, २५ ते ३० मिमीची, घ्यावी.

फक्त लांबचा किंवा फक्त जवळचा साधा नंबर असेल तर चष्मा काढून चाकाने तो भरून काढता येतो. सिलिंडरचा नंबर असेल तर येत नाही, चाक कितीही फिरवलं तरी दिव्यांना शेपट्या दिसतात. आणि चष्मा काढून बघण्यात मोठी अडचण अशी की दुर्बीण खाली घेतली की रंगमंच धूसर. पुन्हा चष्मा शोधा, घाला, काढा. नाटकात याला वेळ नसतो. मी तरी चष्मा घालूनच बघावं असं म्हणेन.

एका नटाचे दोन नट दिसतात

नळ्यांमधलं अंतर बरोबर आहे, फोकस बरोबर आहे, तरी दोन दोन आकृत्या दिसत असतील तर दुर्बिणीच्या दोन नळ्या एका दिशेला बघत नाहीत. पडली, आपटली, बॅगेत जड डब्याखाली दबली की हे होतं. तपासायला एखादी आडवी रेघ बघा, उदाहरणार्थ रंगमंचाची पुढची कड. दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश काही सेंटीमीटर लांब न्या. दोन्ही गोलांतली रेघ एका पातळीत राहायला हवी. एक वर, एक खाली दिसली तर दुर्बीण बिघडलेली आहे. आडव्या दिशेतला थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, उभ्या दिशेतला अगदी थोडाही सहन होत नाही, लगेच मळमळतं.

आजी-आजोबांच्या काळातली, शिंपल्याचा मुलामा असलेली पितळी ऑपेरा ग्लास कपाटात सापडली तर हे आधी तपासा. मधला पूल वाकलेला असतो. हाताने पिळून सरळ करायला जाऊ नका, जोड तुटतात आणि ती दुरुस्त होण्याच्या पलीकडे जाते. कॅमेरे आणि दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्या. लोलकवाल्या दुर्बिणीत लोलक जागेवर आणण्यासाठी बारीक स्क्रू असतात, ते कामही त्याचंच.

काळी चंद्रकोर कडेकडेने सरकत असेल तर मात्र घाबरू नका. तो बिघाड नाही. डोळा मध्यावर नाही किंवा गरजेपेक्षा जवळ आहे, इतकंच. नळ्यांचं अंतर आणि रबरी कप पुन्हा बघा.

अंधारे प्रवेश काळे दिसतात, रंग बदलतात

निळ्या उजेडातला रात्रीचा प्रवेश, एकाच स्पॉटमधलं स्वगत. इथे ८×२१ ची दुर्बीण हात टेकते. मघाचा ठिपका आठवा. २१ भागिले ८ म्हणजे २.६ मिमी. अंधाऱ्या प्रेक्षागृहात आपली बाहुली चार-पाच मिमीपर्यंत उघडते, पण दुर्बिणीतून उजेडाची येणारी शलाका २.६ मिमीचीच असते. बाहुलीचा बाकीचा भाग उपाशी राहतो. ६×३० असेल तर तीच शलाका ५ मिमीची होते आणि प्रवेश नुसत्या डोळ्यांना दिसतो जवळपास तितकाच उजळ दिसतो. साध्या ३ पटीच्या ऑपेरा ग्लासमध्ये हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. 'रात्रीही दिसेल' असं लिहिलेल्या साध्या दुर्बिणीने अंधारात दिसत नाही, ते सोडून द्या.

समोरची भिंगं माणकासारखी लालभडक चमकत असतील तर ती घेऊ नका. तो मुलामा लाल रंग परतवतो, म्हणून तर लाल चमकतो. जो लाल परत गेला तो तुमच्या डोळ्यापर्यंत येत नाही. चित्र निळसर-हिरवट होतं. संगीत नाटकातला शालू, कुंकू, लाल मखमलीचा पडदा, सगळं मरगळलेलं दिसतं. चांगल्या भिंगाची चमक मंद जांभळी किंवा हिरवट असते.

चित्र हलतं, नट सापडत नाही

हात थरथरतो तो दुर्बिणीच्या पटीइतकाच मोठा होऊन दिसतो. कोपरं बरगड्यांना टेकवा किंवा खुर्चीच्या हातांवर ठेवा. बाल्कनीच्या कठड्यावर दुर्बीण टेकवू नका. कठडा लोकांच्या पायांनी हलत असतो, आणि ती निसटली तर खाली माणसं बसलेली आहेत. बाल्कनीत दुर्बिणीचा पट्टा गळ्यातच हवा, यात तडजोड नको.

नट शोधत दुर्बीण इकडून तिकडे फिरवली की चक्कर येते. आधी नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघा. नजर आणि मान न हलवता दुर्बीण वर उचलून डोळ्यांसमोर आणा. तो समोरच असेल.

आणि एक अडचण दुर्बीण सोडवत नाही. ती अंतर कमी करते, कोन बदलत नाही. अगदी कडेची खुर्ची असेल आणि विंगेजवळचा कोपरा झाकला जात असेल तर तो झाकलेलाच राहणार. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये, १९११ साली उद्घाटन झालेल्या आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या त्या देखण्या वास्तूत, दोन्ही बाजूंना बॉक्स, म्हणजे भिंतीलगतचे छोटे वेगळे सज्जे, आहेत. ऑपेरा ग्लास युरोपात ज्या तऱ्हेच्या नाट्यगृहांत रुजली, ही त्याच घडणीची जागा. तिथेसुद्धा कडेच्या जागेवरून रंगमंचाची जवळची बाजू दिसत नसेल तर दुर्बीण ती दाखवू शकत नाही. तिकीट काढतानाच मधली बाल्कनी घ्या, कडेच्या पुढच्या जागेपेक्षा मधली मागची जागा दुर्बिणीसाठी केव्हाही चांगली.

सगळं बरोबर आहे, तरी नाटक हातातून निसटतं

ही तक्रार दुर्बीण नीट चालायला लागल्यावर येते. लोक ती डोळ्यांवरून काढतच नाहीत. ८ पटीच्या दुर्बिणीत २० मीटरवरून जेमतेम सव्वादोन-अडीच मीटरचा तुकडा दिसतो, म्हणजे सोफ्यावर बसलेली दोन माणसं. त्याच वेळी डावीकडच्या दारातून तिसरं माणूस आत आलेलं असतं आणि सगळं प्रेक्षागृह हसलेलं असतं. दिग्दर्शकाने हालचाली पूर्ण रंगमंच धरून बसवलेल्या असतात. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या मधे किती जागा आहे, उजेड कुठून येतो, हे सगळं नुसत्या डोळ्यांनी बघायचं. दारांची धावपळ असलेल्या विनोदी नाटकाला तर दुर्बीण पिशवीतच बरी.

मग लावायची कधी? माझं उत्तर ठाम आहे: ऐकणाऱ्या नटासाठी. दोघांच्या प्रवेशात एक बोलत असतो, त्याचा आवाज बाल्कनीपर्यंत पोचतच असतो, त्याच्यासाठी दुर्बीण लागत नाही. दुर्बीण दुसऱ्यावर ठेवा. त्याची मान किती वळली, एखाद्या शब्दावर जबडा कसा घट्ट झाला, कपाचा कान धरलेलं बोट कुठे थांबलं. चांगला नट हे पाचव्या रांगेपुरतं करत नाही, तो ते त्या माणसासाठी करत असतो. बाल्कनीत बसलेल्याने ते का मुकावं?

संगीत नाटकाला दुर्बिणीचं फार चांगलं जमतं. पद सुरू झालं की गाणारा पुढे येऊन बऱ्यापैकी एका जागी राहतो आणि ऑर्गन-तबल्याची साथ रंगमंचाच्या पुढ्यातच असते. त्यामुळे एकदा फोकस लावला की चाकाला हात लावावा लागत नाही. तान घेण्याआधी श्वास कुठे घेतला, समेवर येताना गायकाची आणि तबलजीची नजरानजर कशी झाली, हे नंतर ध्वनिमुद्रणात कधीच सापडत नाही. पद पहिल्या वेळी नुसत्या डोळ्यांनी बघत ऐका आणि वन्स मोअर आला तर दुसऱ्यांदा दुर्बीण लावा.

दुर्बिणीऐवजी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघणारे वाढलेत. कृपा करून करू नका. चित्रीकरणाला मनाई असते, ते एक झालंच, पण त्या पडद्याचा उजेड मागच्या चार रांगांच्या आणि कधी कधी नटाच्याही डोळ्यात जातो. दुर्बिणीच्या बाबतीतही चुरचुर आवाज करणाऱ्या चिकटपट्टीची पिशवी आधीच उघडून ठेवावी.

पावसाळा

मुंबई, कोकण, गोवा इथे दुर्बिणीचा खरा शत्रू दमट हवा आहे. मांडवीच्या काठावर, पणजीच्या कला अकादमीत पावसाळ्यात प्रयोग बघून आलात आणि दुर्बीण तशीच चामड्याच्या पिशवीत कोंबलीत, तर दिवाळीपर्यंत भिंगाच्या आत बुरशी धरू शकते. चामडं ओल धरून ठेवतं. समोरून बारीक टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. आतली असल्याने बाहेरून पुसून जात नाही, आणि फार दिवस राहिली तर काचेवरचा मुलामा खाते. लवकर दाखवली तर साफ होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात दुर्बीण ठेवली की हा प्रश्न येत नाही. पुड्या अधूनमधून बदला.

वातानुकूलित प्रेक्षागृहातून मध्यांतराला बाहेर वड्याच्या रांगेत आलात की गार भिंगावर बाहेरच्या दमट हवेचं पाणी जमतं. घाबरून ते पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका. कापडातली धूळ भिंगावर ओरखडे पाडते. दुर्बीण पिशवीतच राहू द्या, किंवा जागेवर परतल्यावर पाच मिनिटं थांबा, आपोआप निवळतं. साफ करायचीच असेल तर घरी, आधी फुंकणीने धूळ उडवून, मग मऊ ब्रश आणि शेवटी चष्म्याचं सूक्ष्म धाग्याचं कापड.

तरीही दोन दिसत असतील तर

शेजारच्याची दुर्बीण मागून घ्या, वर सांगितलं तशी लावा आणि बघा. तिच्यातही दोन आकृत्या दिसल्या, किंवा एका डोळ्याने कायम धुरकट दिसलं, दिव्यांभोवती वलयं दिसली, तर दुरुस्ती दुर्बिणीची नाही. दोन डोळ्यांच्या स्नायूंचा तोल बिघडलेला असू शकतो, मोतीबिंदू सुरू झालेला असू शकतो. एरवी दोन्ही डोळे एकमेकांना सांभाळून घेतात, त्यामुळे हे लक्षात येत नाही. दुर्बीण लावताना एकेक नळी झाकून बघितली म्हणून ते उघडकीला आलं. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना कोणत्या डोळ्याला काय दिसलं ते लिहून न्या.